पुतळ्याला तळटीप नसते

२०१५ सालच्या डिसेंबरात एका छोट्या त्रैमासिकासाठी मी दीड पानाचे टिपण लिहिले होते. अमेरिकेतल्या 'वर्ल्ड फँटसी कन्व्हेन्शन' या वार्षिक संमेलनाने आपल्या पुरस्काराचे सन्मानचिन्ह बदलायचे ठरवले होते. एच. पी. लवक्राफ्ट या भयकथाकाराचा अर्धपुतळा चाळीस वर्षे विजेत्यांना दिला जात होता. तो यापुढे दिला जाणार नव्हता, कारण लवक्राफ्ट वर्णद्वेषी होता. माझ्या टिपणाचा सूर असा होता की साहित्याची परीक्षा साहित्याने व्हावी, लेखकाच्या खासगी मतांनी नव्हे, आणि संमेलनवाले घाबरले. ते टिपण वाचणारे शंभरही नसतील. पण लिहिलेले लिहिलेले असते. हा लेख त्या टिपणाची दुरुस्ती म्हणून लिहितो आहे. मात्र 'माझे चुकले' एवढे म्हणून भागत नाही. चूक नेमकी कोणत्या रकान्यात झाली ते दाखवावे लागते.

रकान्याची भाषा माझ्या तोंडी सहज येते. बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला शिक्षण सुटले आणि पुढची तीस वर्षे सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात मी दिवाणजी म्हणून काम केले. वाचन मात्र सुटले नाही. भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयातून नारायण धारप आणून वाचणाऱ्या पिढीतला मी. धारपांच्या कथांत अंधार नुसता अंधार नसायचा. माणसाच्या आधीपासून कुठेतरी दबा धरून बसलेले, माणसाची पर्वाच नसलेले काहीतरी त्यात असायचे. हे कुठून आले असावे, या कुतूहलापोटी इंग्रजी भयकथेकडे वळलो आणि लवक्राफ्टपाशी पोचलो. लवक्राफ्ट वाचताना पुन्हापुन्हा एक नाव दिसू लागले: एस. टी. जोशी.

सुनंद त्र्यंबक जोशी. जन्म १९५८, पुणे. लहानपणीच अमेरिकेत गेले. लवक्राफ्टच्या हयातीत त्याच्या कथा स्वस्त मासिकांत छापल्या गेल्या, आणि तिथे संहितांची बरीच मोडतोड झाली. हस्तलिखिते आणि पहिल्या छापील प्रती ताडून पाहून शुद्ध संहिता तयार करण्याचे काम जोशींनी केले. पत्रांचे खंड संपादित केले, मोठे चरित्र लिहिले. डॉक्टरेट पुरी न करता, बव्हंशी विद्यापीठाच्या बाहेर राहून. माझ्यासारख्या, ग्रंथालयात 'कोणत्या संस्थेतर्फे आलात?' या प्रश्नाला उत्तर नसलेल्या माणसाला त्या नावाचा केवढा आधार वाटत असे, हे सांगून कळणार नाही. पुण्यात जन्मलेला एक जोशी प्रॉव्हिडन्सच्या लवक्राफ्टचा अधिकृत भाष्यकार झाला, याचा अभिमान त्यात मिसळलेला होता, हेही कबूल केले पाहिजे. सन्मानचिन्ह बदलण्याचा निर्णय जाहीर झाल्यावर जोशींनी आपले दोन्ही वर्ल्ड फँटसी पुरस्कार परत पाठवले आणि या निर्णयाला भेकडपणा म्हटले. मी त्यांच्या बाजूने लिहिले. आता वाटते, विचार करण्याआधीच मी बाजू घेतली होती.

हे संमेलन पहिल्यांदा भरले १९७५ साली, प्रॉव्हिडन्समध्येच. गाव लवक्राफ्टचे, म्हणून सन्मानचिन्ह त्याचे. व्यंगचित्रकार गॅहन विल्सन यांनी लांबोडक्या चेहऱ्याचा तो अर्धपुतळा घडवला. त्या काळी जमलेल्या मंडळींना त्यात काही खटकण्यासारखे वाटले नसावे. घरच्याच माणसांचा मेळावा, घरच्याच माणसाचा पुतळा.

२०११ साली कादंबरीचा पुरस्कार नेडी ओकोराफोर यांच्या 'हू फिअर्स डेथ' या पुस्तकाला मिळाला. आईवडील नायजेरियाचे, जन्म अमेरिकेचा. पुरस्कार घरी आल्यानंतर एका मित्राने त्यांना लवक्राफ्टची १९१२ सालची एक कविता दाखवली. काळ्या माणसाला माणूस आणि पशू यांच्यामधला प्राणी ठरवणारी ती कविता आहे. ओकोराफोर यांनी यावर जाहीरपणे लिहिले. त्यांनी पुरस्कार परत केला नाही, लवक्राफ्टची पुस्तके वाचू नका असेही म्हटले नाही. आपल्या सर्वांत मोठ्या सन्मानांपैकी एक म्हणून हा चेहरा आपल्या घरात आहे, याचे आता काय करायचे, एवढाच त्यांचा प्रश्न होता. २०१४ साली लेखक डॅनिएल होजे ओल्डर यांनी पुतळा बदलावा, आणि त्याजागी ऑक्टेव्हिया बटलर या कृष्णवर्णीय लेखिकेचा असावा, अशी मागणी करणारे निवेदन काढले. त्याच वर्षी सोफिया समतार यांच्या 'अ स्ट्रेंजर इन ओलोन्ड्रिया'ला पुरस्कार मिळाला. वडिलांकडून सोमाली वारसा असलेल्या समतार यांनी व्यासपीठावरूनच सांगितले की एक गोरेतर लेखिका म्हणून हे चिन्ह स्वीकारताना अवघडल्यासारखे होते. आणि मंडळ या प्रश्नाचा गांभीर्याने विचार करत असल्याबद्दल त्याच दमात आभारही मानले. पुढच्या वर्षी साराटोगा स्प्रिंग्जच्या संमेलनात पुतळा निवृत्त झाल्याचे जाहीर झाले. २०१७ साली नवे चिन्ह आले: एक झाड आणि त्यामागे पूर्ण चंद्र.

माझ्या टिपणात यातल्या कुठल्याही लेखिकेचे नाव नव्हते. जोशींचे नाव सात वेळा होते. पहिली चूक इथे आहे. मी वाद लवक्राफ्टच्या वाङ्मयीन स्थानाविषयीचा समजलो. तो तसा नव्हताच. लवक्राफ्ट वाचू नये, छापू नये असे कोणी म्हणत नव्हते. प्रश्न यजमानाचा होता: ज्याला आपण घरी बोलावले, मानाने पाट मांडला, त्याच्या हातात आपण काय ठेवतो?

दुसरी चूक यापेक्षा खोल होती, आणि ती लक्षात आली ती जोशींचेच काम पुन्हा वाचताना. लवक्राफ्टचा वर्णद्वेष जोशींनी लपवलेला नाही. उलट, त्याची पत्रे न गाळता छापून तो पुराव्यानिशी समोर ठेवण्यात त्यांचाच वाटा मोठा आहे. इतर विषयांत नव्या ज्ञानासमोर आपली मते बदलणारा हा माणूस वंशाच्या प्रश्नावर मात्र बदलला नाही, हे चरित्रात त्यांनीच मांडले आहे. पुस्तकात हे करता येते. वर कथा, खाली तळटीप. एका खंडात 'कॉल ऑफ क्थुलू', दुसऱ्या खंडात न्यूयॉर्कच्या परदेशी वस्तीबद्दल ओकलेले विष. वाचक दोन्ही वाचतो आणि ठरवतो. संपादक म्हणून जोशींची थोरवी हीच की त्यांनी तळटीप गाळली नाही.

पुतळ्याला तळटीप नसते. तो फक्त म्हणतो, 'हा आमचा आदर्श.' ज्या गुंतागुंतीसाठी जोशींनी आयुष्य वेचले, ती गुंतागुंत धातूच्या त्या चेहऱ्यात मावतच नव्हती. पुतळा हटवल्याने लवक्राफ्टवर अन्याय झाला असे मी लिहिले. खरे तर पुतळा हटल्यावरच लवक्राफ्ट पुन्हा पुस्तकात गेला. तळटिपांसह, म्हणजे जोशींच्या हद्दीत.

'मग हे थांबणार कुठे? उद्या दुसरी नावे निघतील', असा मुद्दा त्या वादात आला होता. मीही तो मांडला होता. दुसरे नाव खरोखरच निघाले. २०१९ साली डब्लिनच्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात जेनेट इंग यांना नवोदितांसाठीचा जॉन डब्ल्यू. कॅम्पबेल पुरस्कार मिळाला, आणि तो स्वीकारतानाच्या भाषणात त्यांनी संपादक कॅम्पबेल यांना फॅसिस्ट म्हटले. पंधरवड्याच्या आत पुरस्काराच्या प्रायोजकांनी नाव बदलून 'अस्टाउंडिंग' केले. जग बुडाले नाही. कॅम्पबेल यांनी घडवलेले लेखक आजही वाचले जातात. 'थांबणार कुठे?' याचे उत्तर एवढेच, की प्रत्येक नावाशी थांबून, ते नाव तपासून पुढे जायचे. जमाखर्चात आम्ही हेच करतो. एक नोंद खोडली म्हणून वही जाळत नाही.

इथपर्यंत येऊन थांबलो असतो तर हा लेख सोपा झाला असता: आधी चुकलो, आता सुधारलो. पण झाड आणि चंद्र पाहून मला समाधान वाटेना. चिन्ह बदलणे हा समावेशकतेचा दृश्य भाग. २०२०च्या जागतिक विज्ञानकथा संमेलनाचा पुरस्कार सोहळा करोनामुळे ऑनलाइन झाला. त्यात सूत्रसंचालक जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी कॅम्पबेल यांच्या आठवणी पुन्हापुन्हा काढल्या आणि अनेक नामांकित लेखकांच्या नावांचे उच्चार चुकवले. आयोजकांना माफी मागावी लागली. त्याच सोहळ्यात इंग यांच्या त्या भाषणालाच ह्यूगो पुरस्कार मिळाला, हा योगायोग बोलका आहे. पाटी बदलली होती. पाटीमागची सवय तशीच होती. म्हणून प्रश्न असा येतो: चूक झाली तर तिचा जाब कोणी, कोणाला, कुठल्या कागदावर द्यायचा?

या संमेलनांची रचना इथे समजून घेतली पाहिजे. ती पगारी माणसे चालवत नाहीत. हौशी वाचक वर्षभर राबतात, स्वतःच्या खिशातून तिकीट काढून जातात. जागतिक विज्ञानकथा संमेलन दरवर्षी वेगळ्या गावी, वेगळी समिती भरवते. सगळे एकमेकांना ओळखतात आणि स्वतःला एक कुटुंब म्हणवतात. यातली ऊब खरी आहे. पण कुटुंबात हिशेब मागणे हा अपमान समजला जातो, हे एकत्र कुटुंबात वाढलेल्या कोणालाही सांगायला नको.

बोस्टनजवळ भरणाऱ्या 'रीडरकॉन' या गंभीर वाङ्मयीन संमेलनाचे २०१२चे प्रकरण याचा नमुना आहे. नियम स्वच्छ होता: कोणाचा लैंगिक छळ केल्याचे सिद्ध झाले तर संमेलनाची दारे कायमची बंद. जेनेव्हिव्ह व्हॅलेंटाइन या लेखिकेने तक्रार केली. मंडळाने चौकशी केली, तक्रार खरी मानली, आणि शिक्षा दिली दोन वर्षांची. कारण त्या गृहस्थाला, जो स्वतः या संमेलन-वर्तुळातला जुना कार्यकर्ता होता, मनापासून पश्चात्ताप झाला आहे असे मंडळाला वाटले. सदस्यांत गदारोळ झाला. अखेर पुरे मंडळ पायउतार झाले आणि कायमची बंदी लागू झाली.

मंडळातली माणसे दुष्ट होती असे मला वाटत नाही. ओळखीच्या माणसाचा पश्चात्ताप त्यांना दिसला, कारण तो त्यांच्यासमोर बसला होता. तक्रारदार बाईला पुढच्या वर्षी त्याच हॉटेलच्या मार्गिकेत काय वाटेल, हे त्यांना तेवढे दिसले नाही. नियम लिहिणे सोपे असते. तो लावणारा माणूस ज्याला लावायचा त्याचा स्नेही असला की नियमाचा कागद पातळ होतो. या प्रकरणात न्याय झाला तो एकाच कारणाने: नियमही जाहीर होता आणि निर्णयही जाहीर झाला होता. दोन्ही शेजारी ठेवून कोणालाही फरक वाचता आला.

हीच गोष्ट चेंगडूच्या प्रकरणात कितीतरी मोठ्या प्रमाणात दिसते. २०२३चे जागतिक विज्ञानकथा संमेलन चीनमधल्या चेंगडू शहरात भरले. समावेशकतेच्या दृष्टीने ही मोठी घटना. इतकी वर्षे 'जागतिक' म्हणवणारे संमेलन पहिल्यांदाच चिनी वाचकांच्या अंगणात गेले होते. २१ ऑक्टोबरला ह्यूगो पुरस्कार दिले गेले. संस्थेच्या घटनेत एक कलम आहे: संमेलनानंतर नव्वद दिवसांच्या आत नामांकनाचे तपशीलवार आकडे प्रसिद्ध करावे लागतात. ते आकडे मुदत संपता संपता, २० जानेवारी २०२४ला आले. त्यात आर. एफ. क्वांग यांच्या 'बेबेल' कादंबरीला अंतिम यादीत येण्याएवढी मते होती. समोर शेरा होता, 'अपात्र'. शिरान जे झाओ, पॉल वायमर, 'सँडमॅन' मालिकेचा एक भाग यांच्यापुढेही तोच शेरा. कारण? नाही.

दुकानात रोजकीर्दीला कोणी 'रक्कम दिली' एवढेच लिहून खाली रेघ मारली असती तर शेठने वही तोंडावर फेकली असती. कोणाला दिली, कशाबद्दल दिली? तपशील नसलेली नोंद ही नोंद नव्हे. जगभरचे वाचक हेच विचारू लागले. फेब्रुवारीत क्रिस बार्कली आणि जेसन सॅनफर्ड यांनी एका माजी कार्यकर्तीने दिलेल्या ईमेलांच्या आधारे अहवाल प्रसिद्ध केला. पुरस्काराचे काम पाहणाऱ्या पाश्चात्त्य स्वयंसेवकांनी लेखकांची चीन, तैवान, तिबेटविषयीची मते शोधून टिपणे तयार केली होती. वायमर तिबेटला जाऊन आल्याची नोंद त्यांत होती. ते गेले होते नेपाळला. चिनी वाचकांनी नामांकित केलेल्या काही चिनी साहित्यकृतींवरही कात्री चालल्याचे त्या अहवालातून पुढे आले. म्हणजे ज्यांच्या अंगणात संमेलन गेले, त्यांचीच मते आधी गळाली. प्रकरण पेटल्यावर पुरस्काराच्या नावाचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेत राजीनामे झाले, काहींवर ठपका ठेवला गेला.

चोरी पकडली कोणी? सद्भावनेने नव्हे, समावेशकतेच्या घोषणेनेही नव्हे. पकडली एका रुक्ष कलमाने: नव्वद दिवसांत आकडे छापा. ते कलम नसते तर 'बेबेल'ला मतेच पडली नसावीत असे समजून आपण गप्प बसलो असतो.

त्यानंतरच्या वर्षी ग्लासगोच्या समितीने हा धडा गिरवला. त्यांना ३७७ मते बनावट वाटली. काही मतदारांची नावे ओळीने येणाऱ्या आकड्यांची भाषांतरे होती, काहींची आडनावे पहिल्या अक्षराच्या क्रमाने बदलत होती. सोहळ्याआधीच त्यांनी आकडा, कारण आणि पद्धत जाहीर करून ती मते बाद केली. ज्या उमेदवाराच्या फायद्यासाठी ही मते पडली, त्याला याची कल्पना असल्याचा पुरावा नव्हता, म्हणून त्याचे नाव मात्र उघड केले नाही. उत्तरदायित्व म्हणजे कोणालातरी चव्हाट्यावर आणणे नव्हे, हे यातून शिकण्यासारखे आहे. निर्णयाचा तपशील उघडा, माणसाची अब्रू झाकलेली.

यावर एक आक्षेप रास्त आहे. फुकट राबणाऱ्या हौशी माणसांकडून सरकारी खात्यासारखे दप्तर मागितले तर उद्या संमेलन भरवायला कोणी पुढे येणार नाही. वर्ल्ड फँटसी पुरस्काराची अंतिम निवड तर पाच परीक्षक बंद दाराआड करतात, आणि तशीच व्हावी; परीक्षकांना मोकळेपणी बोलता आले पाहिजे. मला हे पटते. पण बंद दाराआड काय घडले ते सांगा, असे कोणी म्हणत नाही. नियम काय होता, कोणी लावला आणि का लावला, या तीन ओळी लिहायला खर्च येत नाही. त्या लिहिल्या नाहीत तर पुढे जो खर्च येतो तो चेंगडूने दाखवला आहे.

परक्या संमेलनांवर इतके लिहिताना आपल्याकडची एक गोष्ट सतत डोळ्यांसमोर होती. १८८५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी ग्रंथकार सभेचे निमंत्रण जोतीराव फुल्यांना पाठवले. जोतीरावांनी यायला नकार देणारे पत्र लिहिले. सर्व माणसांचे हक्क जे व्यवहारात मान्य करत नाहीत, त्यांच्या सभांशी आमच्या सभांचा मेळ बसत नाही, असा त्या पत्राचा आशय होता. निमंत्रण पाठवले म्हणजे समावेश झाला, असे सभेला वाटले असेल. जोतीराव विचारत होते ते वेगळे: आत आल्यावर मला जाब विचारता येईल का? ते पत्र 'ज्ञानोदय'मध्ये छापून आले, म्हणून आपल्यापर्यंत पोचले. ओकोराफोर आणि समतार आत गेल्या आणि आतून बोलल्या, जोतीराव बाहेर राहून बोलले. प्रश्न एकच होता.

एस. टी. जोशींविषयी माझा आदर कमी झालेला नाही. लवक्राफ्टची पत्रे न गाळता छापणारा माणूस आणि पुरस्कार परत पाठवणारा माणूस एकच आहे, आणि पहिल्याने मला जे शिकवले तेच मी दुसऱ्याच्या विरोधात वापरतो आहे.

पाडव्याला आमच्या दुकानात नवी वही पुजली जायची. हळदकुंकू वाहायचे, पहिल्या पानावर श्री लिहायचे. पण त्याआधी रात्री बसून जुन्या वहीतल्या येणे-देणे बाक्या नव्या वहीत उतरवाव्या लागत. नवी वही कोरी म्हणून जुने देणे बुडत नसे. २०१५च्या त्या टिपणाची बाकी माझ्या नावे होती. ती मी या पानावर ओढली आहे, तपशिलासह.